माळवदावरचा दुसरा थर

औशात आमच्या घरी उन्हाळा सरत आला हे आभाळाकडे बघून कुणी ठरवत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एके दिवशी अंगणातली शिडी भिंतीला लावत, माळवदावर चढत आणि अनवाणी पायांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत. माती कुठे भुसभुशीत लागते, कुठे उंदरानं पोखरलंय, गेल्या पावसात पाणी कुठून उतरलं, हे सगळं त्यांच्या तळपायांना कळे. मग वरूनच हाक येई, "औंदा बी माती टाकावी लागतीय!" झालं, दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या खड्ड्यातून पांढऱ्या मातीच्या गाड्या सुरू. ज्यांनी माळवदाचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रुंद दगडी भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात आत गार, थंडीत उबदार; पावसाळ्यात मात्र गळायचं. गळू नये म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर पसरायचा आणि धुमसानं ठोकून ठोकून बसवायचा. आधीचा थर काढून मग नवा टाकावा, असं कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही. बापजाद्यांनी टाकलेली माती कोण कशाला काढेल?

माती टाकायचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा. गल्लीतली माणसं बोलावल्याशिवाय येत, कारण उद्या त्यांच्या माळवदावर आम्हाला जायचं असे. बाप्ये धुमस हाणत, बाया टोपल्या वर देत आणि आम्ही नव्या मातीवर नाचून ती दाबत असू. वर्षातून तेवढ्याच दिवशी धिंगाणा घातल्याबद्दल शाबासकी मिळे. दुपारी माय येसराची आमटी करी, एवढी झणझणीत की गल्लीतले म्हातारे जेवताना दस्तीनं डोळे पुसत आणि तरीही वाटी पुढे करत. सोबत ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि आमच्याच बांधावरच्या आंब्याचा रस. धुमसाचा तो धप् धप् आवाज घरात बसून ऐकला की छातीत उमटे. मला तो फार आवडायचा. आपलं घर आणखी पक्कं होतंय असं वाटायचं.

अण्णा गवंडी होते. शेत होतं चार एकर, पण जीव सगळा थापी आणि ओळंब्यात. औशाच्या दक्षिणेच्या गावांमधली कितीतरी घरं त्यांच्या हातची. त्यांची भिंत दोन हात रुंद असे, आणि हत्तीनं धडक दिली तरी हलायची नाही अशी तिची ख्याती होती. दुसऱ्या गवंड्याचं हलकं काम बघितलं की ते नाक मुरडत. "घर कसं पायजे? आत गेल्यावर माणसाला वाटलं पायजे, आपल्या डोस्क्यावर कायतरी हाय," असं म्हणत. माय त्यावर म्हणे, "तुमच्या डोस्क्यात बी निस्ते दगडच हायत." दोघांचं चांगलं जमायचं.

आमच्या घरची माती झाली की अण्णा गोदाआत्याच्या गावी जात. आत्या म्हणजे त्यांची धाकटी, एकुलती एक बहीण. तिचं घर त्यांनीच बांधलेलं, आणि दरवर्षी तिच्या माळवदावर माती टाकायची ती भावानं, असा त्यांचा नेम होता. दिवाळीला साडीचोळी आणि वैशाखात माती. आत्या सगळ्या गावाला सांगे, "ही माज्या भावाची माती हाय, असल्या पावसाला भीत न्हाई." मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात अण्णांनी मलाही नेलं. गेल्या पावसात नेमकं आत्याच्या ज्वारीच्या कणगीवर गळलं होतं, त्यामुळे ती जरा कुरकुरत होती. दुपारपर्यंत थर बसला. पण माती जास्त आली होती. जवळजवळ दोन गाड्या दारात उरल्या. मी माळवदाच्या कडेला पाय सोडून बसले होते, हातात रिकामी टोपली. मी म्हणाले, "अण्णा, उरलीच हाय तर अजून एक थर टाका की. आत्याची कटकट तरी मिटंल." अण्णा हसले. खाली उभ्या असलेल्या मामांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला म्हणाले, "बघा, पोरगी कॉलेजात जायच्या आधीच इंजिनेर झाली." आणि टाकला दुसरा थर. पहिल्या दहा टोपल्या मीच ओतल्या. संध्याकाळी आत्यानं माझी दृष्ट काढली.

जूनमध्ये मी नांदेडला गेले. लातूर हाकेच्या अंतरावर असताना नांदेड कशाला, असं सगळे विचारत. तर तिथे मावशी होती आणि परगावी शिकणाऱ्या पोरीला मावशीचं घर म्हणजे अर्धं माहेर. काका रेल्वेच्या कचेरीत होते. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर येई, त्यानंतर इंजिनांच्या शिट्ट्या, आणि मग मावशीची, "शालू, ऊठ, नळ आलाय." मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणत. म्हणून गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे भांडी वाजली तेव्हा आम्ही कूस बदलून पुन्हा झोपलो. मालगाडीच असेल, असं मावशी म्हणालीसुद्धा. सकाळी काका कचेरीतून धावत परत आले आणि त्यांनी सांगितलं की आमच्याकडे भूकंप झालाय.

त्या भूकंपाविषयी पुष्कळांनी लिहिलंय. मी आमच्यापुरतं सांगते. औशातलं आमचं घर उभं होतं. एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत हात जाईल एवढी भेग. गोदाआत्या गेली. तिचं घर तिच्यावर बसलं. मामा त्या रात्री शेतात राखणीला होते, म्हणून वाचले. बहिणीला बाहेर काढायला अण्णा स्वतः गेले होते. किती माती उपसावी लागली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला विचारायचं धाडसच नव्हतं. त्या मातीतल्या पहिल्या दहा टोपल्या कुणाच्या हे मला माहीत होतं.

पुढचे कित्येक महिने आमचं बिऱ्हाड अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. घर समोर रिकामं उभं, आणि त्यात भांडं आणायला जायचं तरी माय देवाचं नाव घेत पळत जाई, पळत येई. शेडच्या दाराशी तिनं तांब्यावर फुलपात्र, फुलपात्रावर वाटी अशी उतरंड रचून ठेवली होती. जमीन जरा हलली की ती खणखणत कोसळे आणि आम्ही बाहेर. बहुतेक वेळा मांजरच असे. पण कधी कधी जमिनीतून खरंच आवाज येई, लांब कुणीतरी जातं ओढतंय असा. आजही आमच्या भागात अधूनमधून जमीन अशी गुरगुरते, आणि नांदेडच्या माझ्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कपाटाचं दार थरथरलं की माझा हात आपोआप तांब्या शोधतो.

लिंबाखाली माणसं जमली की एकच विषय. कुणी म्हणे धरणात एवढं पाणी साठवलं, त्याच्या वजनानं जमीन दबली. कुणी म्हणे बोअर पाडून पाडून जमिनीची चाळण केली. एक बुवा पापाचा घडा भरल्याचं सांगे. त्याचं स्वतःचं घर मात्र शाबूत होतं, त्यामुळे त्याच्या बोलण्यात जोर होता. अण्णा या सगळ्यांचं ऐकत आणि शेवटी एकच बोलत, "वजन म्हणता ना? मंग आमी काय कमी वजन टाकलं? उभ्या जन्मात दगडावर दगड रचले. सोसंल तवर सोसलं तिनं." आधी लोकांना वाटलं, दुःखानं बोलतोय. पण अण्णांनी थापी, ओळंबा, गुण्या सगळं पोत्यात बांधून टाकलं. नवी गावं वसवायचं काम सुरू झालं होतं, गवंड्यांना सुगीचे दिवस आले होते, रोज कुणीतरी बोलवायला येई. अण्णा नुसती मान हलवत. मग एके दिवशी त्यांनी मायचा पाटा-वरवंटा उचलून ओढ्यात नेऊन टाकला. नंतर उखळ. नंतर अंगणातली धुणं धुवायची फरशी. "भार कमी करून राहिलोय," म्हणाले. माय माझ्याजवळ रडली. "शाले, तुजा बाप काम करून थकला असता तर मी पाय चेपून दिले असते. ह्याला काय करू?" ते छताखाली जात नसत, जेवण अर्धं टाकत, आणि चालताना पाऊलसुद्धा जपून ठेवत. जमिनीला दुखेल म्हणून.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परत निघाले तेव्हा अण्णा औशाच्या स्टँडवर पोचवायला आले. लातूरची गाडी लागली. मी खिडकीशी बसले, आणि ते खालून गजाला धरून म्हणाले, "तू भूगोल घेतलास न्हवं? मंग एक काम कर. तुज्या मास्तरला इचार, माणसाच्या बांधकामाचं वजन जमिनीला लागतंय का. खरं काय ते इचार. मला बरं वाटावं म्हणून न्हाई." गाडी सुटली तरी ते दोन पावलं बरोबर चालले. "इचार बरं का," म्हणाले. तेव्हा मला उमगलं की या एका उत्तरावर त्यांचं पुढचं सगळं अडलंय. ते पुन्हा भिंत उभी करणार की उरलेलं आयुष्य पाऊल जपत काढणार, ते आता मी नांदेडहून काय आणते यावर होतं.

आमचे भूगोलाचे इनामदार सर तिरकस माणूस. बाह्यांना कायम खडू लागलेला, आणि प्रश्न विचारला की आधी दोन क्षण असं बघत की प्रश्न परत घ्यावासा वाटे. मधल्या सुट्टीत ते डबा उघडत होते तेव्हा मी गेले. अण्णांविषयी, आत्याविषयी सांगितलं. दुसऱ्या थराचं सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि डबा माझ्यापुढे सरकवला. एका कप्प्यातली पोळी उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवली. "उचल. जड झाला?" मी नाही म्हणाले. "तुझ्या वडिलांनी दगड कुठून आणले? तिथल्याच माळावरच्या खाणीतून. माती? तिथल्याच खड्ड्यातून. या कप्प्यातली पोळी त्या कप्प्यात गेली. आणि खाली जो काळा पाषाण आहे ना आपल्या, त्याच्यापुढे गाव म्हणजे म्हशीच्या पाठीवरचा बगळा. तिला कळतही नसेल." मोठ्या शहरांच्या ओझ्यानं खालची मऊ जमीन थोडीफार खचते, म्हणाले; खूप मोठा पाण्याचा साठा काही ठिकाणी जमिनीला डिवचतो, असंही दिसलंय. "आपल्याकडचं ठामपणे मी सांगणार नाही. त्यावर शहाणे लोक भांडतायत, भांडू देत. पण घरं बांधली म्हणून भूकंप झाला, हे डोक्यातून काढायला सांग त्यांना."

मी उठले. एवढं आनंदाचं ओझं घेऊन मी कधी कुठून उठले नव्हते. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बस जरा. उत्तर अर्धंच झालंय. जमीन हलली म्हणून माणूस मरत नाही, मुली. उघड्या रानात होता तो दचकून उठून बसला असेल, एवढंच. माणसं गेली ती डोक्यावर होतं त्यानं. वजन जमिनीला लागलं नाही, खालच्या माणसाला लागलं. हे वडिलांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, मला नाही माहीत." मला शेतात झोपलेले मामा आठवले. पुढे मी स्वतः भूगोल शिकवला, उभी हयात. डब्यातल्या पोळीचा दाखला कितीतरी वर्गांना दिला. उत्तराचा दुसरा अर्धा भाग सांगताना मात्र दर वर्षी घसा कोरडा पडायचा, आणि मुलांना वाटायचं मॅडमना खडूची अ‍ॅलर्जी आहे.

शनिवारी मी गाडीत बसले. नांदेड ते लातूर आणि लातूर ते औसा, साऱ्या वाटेभर मी एकच ठरवत होते. मला लाज वाटतेय, पण लिहिते: दुसरा अर्धा भाग मी वडिलांच्या काळजीनं गिळला असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते निम्मंच खरं होतं. डोक्यावरच्या वजनाचा विषय निघाला की तो दुसऱ्या थरापर्यंत जाणार, आणि दुसरा थर टाकायला कुणी सांगितलं हे अण्णांना आठवणार, याची मला भीती होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लातूर सुटलं तेव्हा ठरलं. पोळीचं सांगायचं आणि गप्प बसायचं.

मायनं धपाटे केले होते. अण्णा लिंबाखाली बाजेवर बसलेले. मी पिशवी न ठेवताच सांगायला सुरुवात केली. खाण, खड्डा, डबा, म्हैस, बगळा, सगळं. त्यांनी थाळीतला धपाटा उचलून वाटीवर ठेवला, थाळी तोलून बघितली. पुन्हा धपाटा खाली ठेवला, पुन्हा तोलली. "म्हंजे हितलंच उचलून हितंच ठिवलं," म्हणाले. "हाव अण्णा." "तिला कळलं बी न्हाई." "न्हाई कळलं." त्यांनी खाली वाकून तळहात जमिनीवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलंही नाही. माय दारातून बघत होती, तिनं पदर तोंडात धरला. मग अण्णा म्हणाले, "आन् मास्तर अजून काय म्हणला?"

"काही न्हाई. एवढंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. भिंत ओळंब्यात आहे का हे बघताना ते एक डोळा बारीक करत, तसं. मग "बरं" म्हणाले आणि चार धपाटे खाल्ले. माय हरखून गेली. "पाटा ओढ्यातनं आणायचा का मंग?" तिनं विचारलं, तर हसलेसुद्धा. मला वाटलं, सुटलो सगळे.

सकाळी मी जागी झाले ती आवाजानं. आवाज वरून येत होता, पण धुमसाचा नव्हता; फावडं खरवडल्याचा होता. बाहेर येऊन बघते तो शिडी भिंतीला लावलेली आणि अण्णा माळवदावर. भेगाळलेल्या त्या घरावर चढायला कुणी धजावलं नव्हतं. आधी त्यांनी भेगेच्या कोपऱ्याला आतून लाकडाचे टेकू दिले होते, आणि आता मधोमध उभं राहून माती काढत होते. कितीतरी वर्षांची, ठोकून ठोकून दगड झालेली माती. मी शिडीवरून वर गेले. "अण्णा, हे काय करून राहिलात?"

"मास्तरनं सांगितलेलं करून राहिलोय."

"सर असं काहीच म्हणले न्हाईत."

"तू सांगितलं न्हाईस," अण्णा म्हणाले. फावडं थांबलं नव्हतं. "पर त्यानं सांगितलंच आसंल. शिकलेला माणूस हाय. अन् मला काय ते ठाव न्हवतं का, शाले? गोदीला म्याच उकरून काढली. जमिनीचं तेवढं ठाव न्हवतं, म्हणून तुला धाडलं."

मी माळवदाच्या कडेवर, पाय सोडून, तशीच बसले जशी आत्याच्या घरावर बसले होते. खाली अंगणात मातीचा ढीग मायच्या कमरेपर्यंत आला होता, आणि अजून पाव माळवदसुद्धा उकरून झालं नव्हतं. माय त्या ढिगाशी उभी राहून एकदा ढिगाकडे, एकदा छताकडे बघत होती. "आगं बया, एवढं सगळं वर हुतं?" म्हणाली. "ह्याच्याखाली पोरं झोपिवली म्या?"

शेवटी मीच बोलले. "अण्णा, आत्याकडं दुसरा थर..." एवढंच निघालं.

अण्णांनी फावडं उभं रोवलं. जवळ आले आणि माझ्याशेजारी कडेवर बसले. त्यांच्या अंगाला त्या पांढऱ्या मातीचा वास येत होता, लहानपणापासून ओळखीचा. "मला ठाव हाय तू कामून निम्मंच सांगितलंस," म्हणाले. "आता नीट ऐक. टोपली तुझ्या हातात हुती. थर माझा हुता. गवंडी कोण हुता तिथं, तू का मी? पोरीनं म्हणावं, गवंड्यानं न्हाई म्हणावं. मी हसलो. ते हसणं माझं हाय, तुला त्यातलं काय बी मिळायचं न्हाई."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी रडू दिलं. पुढे बरीच वर्षं ते गावोगाव फिरून माळवदांची माती उतरवत राहिले. लोक हसत, बांधणारा गवंडी पाडायला निघाला म्हणत, आणि अण्णा त्यांच्याच शिडीवर चढून कामाला लागत. पण ते पुढचं. त्या सकाळी माझं रडणं ओसरलं तसे ते उठले, जवळची टोपली मातीनं भरली आणि माझ्याकडे सरकवली.

"ही धर. टाकायच्या आधी खाली बघत जा, कुणी उभं न्हाई ना."

मी वाकून बघितलं. माय बाजूला झाली होती. मी टोपली उपडी केली.